बारा बोटे

ड्यु-ओ-डी-नम. सावकाश म्हटले की चार अक्षरे. लिहिताना शेवटचे 'न' आणि 'म' वेगळे दिसतात, पण बोलताना 'म' 'न'ला चिकटतो आणि दोघांचे मिळून एकच अक्षर कानावर पडते. जठरातून बाहेर पडलेले अन्न लहान आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शिरते, त्याचे हे इंग्रजी नाव. पोटाच्या दुखण्याने ग्रासलेले एखादे माणूस घरात असेल तर ते घराच्या ओळखीचे होते. सकाळी उपाशीपोटी एंडोस्कोपी होते, रिपोर्ट हातात येतो, त्यात आधी अन्ननलिका, मग जठर, आणि सगळ्यात खाली हा शब्द. त्यापुढे 'डी वन, डी टू नॉर्मल' एवढेच. 'नॉर्मल' वाचून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कागदाची घडी घालतो. तसे व्हायलाच हवे. पण त्या 'डी'मध्ये एका माणसाचा हात आहे, तेवीसशे वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याकडे आज सकाळी थोडा वेळ पाहावे असे मला वाटते.

या शब्दाचा मूळ अर्थ 'बारा-बारा'. लॅटिन भाषेत नुसती संख्या सांगायला एक रूप असते आणि 'प्रत्येकी किती' हे सांगायला दुसरे. 'दुओदेनी' हे दुसऱ्या प्रकारातले. मराठीत संख्या दोनदा उच्चारून आपण तेच काम करतो: पोरांना बारा-बारा बोरे वाटली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या आतड्याला 'दुओदेनुम दिगितोरुम' म्हणत, म्हणजे बारा बोटांच्या रुंदीएवढे. वापरता वापरता 'दिगितोरुम' गळून पडले. बोटे गेली, बारा राहिले.

यातले 'दुओ' म्हणजे दोन, आणि 'देनी'च्या पोटात 'देकेम' म्हणजे दहा. संस्कृतातले द्वादश, ग्रीकमधले दोदेका आणि लॅटिनमधले दुओदेकिम ही एकाच घरची भावंडे. आपले 'बारा'ही त्याच घरचे. प्राकृतात येताना 'द्वा'चा 'बा' झाला. बावीस, बत्तीस आणि बावन्न यांच्यातही तोच 'बा' बसलेला आहे. लॅटिनने 'द' धरून ठेवला, मराठीने 'व'चा 'ब' करून तो सांभाळला. म्हणून ड्युओडेनम आणि बारा हे शब्द कानाला कितीही परके वाटले तरी त्यांची सोयरीक नव्हे, रक्ताचे नाते आहे.

आता उच्चार. इंग्लंडमध्ये जोर तिसऱ्या अक्षरावर पडतो: ड्यू-अ-डी-नम. अमेरिकेत काही जण असेच म्हणतात, फक्त आरंभीचा 'ड्यू' त्यांच्या तोंडी 'डू' होतो. पण तिथे दुसराही उच्चार रुळला आहे आणि त्यात जोर एक घर मागे जातो: डु-ऑ-ड-नम. कोशांनी दोन्ही मान्य केले आहेत, तेव्हा चूक कुणाचीच नाही. तरीही लॅटिनचा नियम पाहिला की पहिल्या उच्चारामागचे कारण कळते. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. शाळेत ज्यांनी वृत्ते शिकताना लघु-गुरूच्या खुणा केल्या आहेत त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. 'दुओदेनुम'मधला 'दे' दीर्घ, म्हणून गुरू, म्हणून आघाताचा मान त्याचा.

तो दीर्घ का झाला, हे मला या सगळ्यात फार आवडते. 'देकेम'मध्ये एक 'क' होता. 'देनी' होताना तो 'क' झिजून गेला आणि जाताना आधीच्या स्वराला आपली जागा देऊन गेला. ऱ्हस्व 'ए' लांबला. मराठीने हे शेकडो वेळा केले आहे. सप्तचे सत्त झाले आणि सत्तचे सात. अष्टचे अट्ठ आणि मग आठ. हस्तचे हत्थ आणि मग हात. एक व्यंजन गेले की त्याच्या मागचा स्वर लांबतो. लंडनचा डॉक्टर 'डी'वर जोर देतो तेव्हा 'दहा'मधल्या हरवलेल्या 'क'चीच आठवण त्याच्या जिभेवर असते, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आपले विद्यार्थी कुठल्याच अक्षरावर विशेष जोर देत नाहीत. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ पालटत नाही, त्यामुळे चारही अक्षरे आपण सारख्याच मापाने म्हणतो: ड्यु-ओ-डे-नम. परदेशी गेल्यावर हा उच्चार सुधारून घ्यावा असे कुणी सांगते. जिथे राहायचे तिथल्या माणसांना कळेल असे बोलावे, हे खरेच आहे. पण मला आपला उच्चार मनापासून आवडतो. त्यात 'ड्युओ' पुरता ऐकू येतो आणि 'डे'ही. दोन आणि दहा, दोन्ही शाबूत राहतात.

या आतड्याचे बारसे झाले अलेक्झांड्रियात. हेरोफिलस हा मूळचा काल्केडॉनचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या आशियाकडच्या किनाऱ्यावरचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभी, टॉलेमी राजांच्या काळात, तो अलेक्झांड्रियात वैद्यक करत होता. मानवी शव उघडून पाहण्याची मुभा ग्रीक जगात तोवर कुठे नव्हती. ती त्या शहरात काही काळ मिळाली आणि हेरोफिलसने तिचा पुरेपूर उपयोग केला. मेंदू, डोळा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, सगळे त्याने पाहिले. नाडीचे ठोके पाण्याच्या घड्याळावर मोजले. जठराच्या तोंडापासून पुढे, आतड्याची वेटोळी सुरू होण्याआधी, जो सरळसा भाग लागतो त्याला त्याने नाव दिले 'दोदेकादाक्तिलोन'. दोदेका म्हणजे बारा, दाक्तिलोस म्हणजे बोट. बारा बोटांचे.

('दाक्तिलोस' हे ग्रीक कवितेतल्या एका गणाचेही नाव आहे: एक गुरू, दोन लघू. बोटाचे पहिले पेर लांब आणि पुढची दोन आखूड, म्हणून. आपण त्यालाच भ गण म्हणतो.)

हे मोजून पाहण्यासारखे आहे. अंगठा सोडून चार बोटे एकमेकांना चिकटवून टेबलावर आडवी ठेवा. त्यांच्या कडेला दुसऱ्या हाताची चार. मग पहिला हात उचलून पुन्हा पुढे ठेवा. झाली बारा बोटे. एका बोटाची रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर धरली तर चोवीस सेंटिमीटर होतात. आजची शरीररचनाशास्त्राची पुस्तके ड्युओडेनमची लांबी साधारण २५ सेंटिमीटर देतात, जुनी इंग्रजी पुस्तके दहा इंच. इतक्या शतकांनंतर फूटपट्टी आणि बोटे यांच्यात उरलेला फरक एका बोटाचाही नाही.

आणि आता तीच जागा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून मापा. वीत. 'वीत' हा शब्द संस्कृत 'वितस्ति'पासून आला, आणि वितस्तीचे माप आपल्याकडे बारा अंगुळेच होते; कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ते तसेच दिले आहे. ग्रीकांच्या मापपद्धतीतही ताणलेल्या पंजाची वीत बारा बोटांचीच. म्हणजे हेरोफिलसने जे म्हटले त्याचे नितळ मराठी करायचे तर ते होईल 'वीतभर आतडे'. वीतभर पोटासाठी माणूस काय काय करतो, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. पोटाच्या आत खरोखर एक वीतभर जागा आहे आणि खाल्लेल्या प्रत्येक घासाचा पुढचा प्रवास तिथे ठरतो, हे त्या म्हणणाऱ्यांना माहीत नसेल. पण माप त्यांनी बरोबर निवडले होते.

हेरोफिलसची पुस्तके उरली नाहीत. त्याचे जे काही आपल्याला कळते ते मुख्यतः गेलनसारख्या, चार-साडेचार शतकांनंतर लिहिणाऱ्या वैद्यांनी त्याचा हवाला दिला म्हणून. सेल्सस या रोमन लेखकाने एक भयंकर गोष्टही नोंदवून ठेवली आहे: राजाने तुरुंगातले गुन्हेगार दिले आणि हेरोफिलसने ते जिवंतपणी कापले. हे खरे की खोटे यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मला हा भाग वगळून पुढे जाता येत नाही. मोजणाऱ्याचे नाव आपण जपले. त्याच्या बोटांखाली जे शरीर होते ते कुणाचे, हे कुणी लिहून ठेवले नाही. तो माणूस मेलेला होता की जिवंत, त्याला कुणी विचारले होते की नाही, काहीच नाही. त्या नावातली बारा बोटे एकाची आहेत आणि वीतभर आतडे दुसऱ्याचे. आज आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी मुले शवासमोर उभी राहून आदराची शपथ घेतात, आणि कित्येक देह मरणाऱ्याने स्वतः दान केलेले असतात. हा फरक फार मोठा आहे. तिथपर्यंत यायला माणसाला किती शतके लागली, तेही या शब्दाच्या सोबतीनेच मोजता येते.

शब्दाचा पुढचा प्रवास अनुवादकांनी केला. ग्रीक वैद्यक अरबीत गेले. इब्न सिना, ज्याचा 'कानून' हा वैद्यकग्रंथ अकराव्या शतकात लिहून झाला, त्याच्या भाषेत हे आतडे झाले 'इस्ना अशरी', म्हणजे बाराचे. बारा इमाम मानणाऱ्या शिया पंथाचे नावही हेच. मुंबईत डोंगरीच्या बाजूला खोजा इस्ना अशरी जमातीची पाटी ज्यांनी वाचली आहे, त्यांच्या डोळ्यांखालून हा अरबी आकडा गेलेला आहे. बाराव्या शतकात इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड स्पेनमधल्या तोलेदो शहरात गेला. टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाचा (वरच्या राजांपैकी कुणाचा नव्हे) ग्रंथ लॅटिनमध्ये मिळत नव्हता, त्याच्या ओढीने तो तिथे पोहोचला आणि अरबी ग्रंथांची रास पाहून तिथेच राहिला. अरबी शिकला, सत्तरच्या आसपास ग्रंथ लॅटिनमध्ये आणले, त्यांत इब्न सिनाचा 'कानून'ही. ११८७ मध्ये तो वारला. 'दुओदेनुम' हा शब्द त्याच्या या अनुवादातून युरोपला मिळाला आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरला.

जेरार्डने आवाजाचा नव्हे, मापाचा अनुवाद केला, हे मला त्याचे मोठेपण वाटते. त्याच्यानंतर आलेल्या बहुतेकांनी तेच केले. जर्मन भाषेत या आतड्याला आजही 'त्स्वोल्फफिंगरदार्म' म्हणतात, सरळ 'बारा-बोटे-आतडे'. डचमध्ये तसेच, तुर्कीत तसेच. रशियनमध्येही बारा बोटेच आहेत, पण बोटासाठी त्यात 'पेर्स्त' हा जुना शब्द आहे, जो रोजच्या बोलण्यातून कधीच गेला. वेगळ्याच शब्दाने बोट म्हणणारा आजचा रशियन माणूस डॉक्टरकडे गेला की आपल्या पूर्वजांच्या बोटाचे नाव घेतो. जपानी वैद्यांनी अठराव्या शतकात डच पुस्तकांवरून शरीररचना शिकायला सुरुवात केली, आणि त्या वाटेने जपानीतही आकडा, बोट आणि आतडे अशा चिन्हांनीच हे नाव लिहिले जाऊ लागले. चिनीत आजही तीच चिन्हे आहेत. इंग्रजीने मात्र लॅटिन शब्द होता तसा उचलला, आणि इंग्रजीकडून आपण. त्यामुळे बर्लिनच्या मुलाला ऐकताक्षणी जी बोटे दिसतात ती लंडनच्या आणि लातूरच्या मुलाला दिसत नाहीत. त्यांना स्पेलिंग पाठ करावे लागते.

शेजारच्या आतड्याचे नावही असेच. ड्युओडेनम संपले की जेजुनम लागते. लॅटिनमध्ये 'जेजुनुस' म्हणजे उपाशी. शव उघडल्यावर हा भाग बहुधा रिकामा सापडे, म्हणून ग्रीकांनी त्याला 'उपवासी' म्हटले, अरबांनी 'साइम' म्हणजे रोजा धरलेला म्हटले, आणि लॅटिनने तेच पुढे चालवले. फ्रेंचमधला जेवणाचा शब्द 'देजने' याच उपवासातून निघाला: उपास सोडणे. सकाळच्या पहिल्या घासाचे नाव आणि आतड्याचे नाव एकाच मुळाचे.

त्या वीतभर जागेत घडते ते थोडक्यात सांगतो. जठरातून आंबट, पातळ झालेले अन्न थोडे थोडे खाली उतरते. इंग्रजी 'सी'च्या आकारात वळलेले हे आतडे स्वादुपिंडाच्या टोकाला कवेत घेऊन बसलेले असते, आणि त्याच्या मधल्या उतरत्या भागात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस एकाच तोंडातून येऊन मिळतात. आम्ल शमते, तूप-तेल फुटते, पचनाला खरा जोर चढतो. आम्ल आले ही वर्दी स्वादुपिंडाला कोण देते? मज्जातंतू देत असणार, असे सगळे धरून चालले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये आतड्याच्या एका वेटोळ्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले. तरी स्वादुपिंड पाझरले. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि अशा निरोप्या द्रव्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरला. आज थायरॉइडपासून मधुमेहापर्यंत ज्या शब्दावाचून दवाखान्यात पान हलत नाही, तो शब्द लहान आतड्याच्या अस्तराचा शोध घेताना जन्माला आला.

बोटांनी मापणे वैद्यकातून अजून गेलेले नाही. वॉर्डात राऊंडला पोट तपासताना सीनियर डॉक्टर विचारतात, 'लिव्हर किती लागतंय?' आणि उत्तर येते, 'दोन बोटं, सर.' बरगडीच्या कडेखाली किती, ते. सेंटिमीटरमध्ये सांग असा आग्रह धरला जातो, तो योग्यही आहे, कारण माझे बोट आणि तुमचे बोट सारखे नसते. प्रसूतीच्या खोलीतही सिस्टर बाहेर येऊन सांगते, 'दोन बोटं उघडलंय, वेळ आहे अजून.' बाहेर बसलेल्या सासूला आणि आईला सेंटिमीटरपेक्षा ते लगेच कळते. आयुर्वेदाने यातली अडचण ओळखली होती. शरीराची मापे चरक-सुश्रुतांनी अंगुळांत दिली, पण ती ज्याचे शरीर त्याच्याच अंगुळाने घ्यायची, असे सांगितले. लहान चणीच्या माणसाचे बोट लहान आणि त्याचा हातही लहान. माप लांबीचे न राहता प्रमाणाचे होते. मला हा विचार फार सुंदर वाटतो. कुणाच्याही शरीराची पट्टी त्याच्या स्वतःच्या हातात.

मराठीत या भागाला काय म्हणायचे? पाठ्यपुस्तकांत 'आद्यांत्र' आहे, म्हणजे आतड्याचा आरंभ. नेटका शब्द आहे. जागा सांगतो, माप सांगत नाही. 'ग्रहणी' हा दुसरा, आयुर्वेदातून घेतलेला. जी अन्नाला धरून ठेवते आणि पचनाच्या अग्नीचे जिथे ठाणे असते ती ग्रहणी. संग्रहणी या दुखण्याच्या नावात ती घरोघर माहीत आहे. जुन्या ग्रंथांतली ग्रहणी म्हणजे हुबेहूब ड्युओडेनमच, असे रेषा आखून म्हणता येत नाही, पण आमाशय आणि पक्वाशय यांच्यामधली, पित्त धारण करणारी जागा म्हणून तिचे जे वर्णन आहे ते इथेच कुठेतरी येऊन पोहोचते. मी स्वतः 'ग्रहणी'च्या बाजूचा. तो शब्द काम सांगतो आणि तोंडात चांगला बसतो.

दवाखान्यात मात्र ड्युओडेनमच चालणार आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर, नर्स, तपासणी केंद्र आणि औषधाचे दुकान या सगळ्यांना एकच शब्द कळला पाहिजे, पेशंटचा जीव त्यावर असतो. मागणे एवढेच आहे की आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिथे पचनसंस्थेची आकृती येते, तिथे या नावापुढे एक ओळ छापावी: याची लांबी सुमारे वीतभर, आणि नावाचा अर्थही तोच. शिक्षकांनी मुलांना बाकावर बोटे ठेवून मोजायला सांगावे. तासातली दोन मिनिटे जातील.